थर उतरवण्याचा सराव

ताण आला की श्वासाकडे लक्ष द्या, असा सल्ला देणाऱ्याने एकदा सकाळी साडेआठला ठाणे स्टेशनात फास्ट लोकल पकडून दाखवावी. गाडी कर्जत-कसाऱ्याकडूनच भरून आलेली असते, दारातल्या बायका आतल्यांवर आणि आतल्या दारातल्यांवर करवादत असतात, आणि या रणधुमाळीत म्हणे आपण श्वास शोधायचा! तिथे हाताला काहीतरी धरायला सापडलं तरी पुष्कळ.

सल्ला बरोबरच आहे, फक्त तो द्यायची वेळ भलतीच. हे मला ध्यानाच्या वर्गापेक्षा आमच्या गल्लीतल्या गोविंदा पथकामुळे जास्त पटलं. ठाण्याची दहीहंडी बाहेरच्यांना टीव्हीवर दिसते ती उंच थर, मोठाली बक्षिसं आणि कानठळ्या. जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने 2012 साली नऊ थर लावून 13.34 मीटरचा गिनीज विक्रम केला, तोही ठाण्यातच. पण पथकांचं खरं काम त्याआधी चालतं. गुरुपौर्णिमेला नारळ फुटतो आणि गोकुळाष्टमीपर्यंतचे पाचेक आठवडे पोरं कामधंदे, कॉलेजं आटपून रात्री मैदानात जमतात. वर हंडी नसते, समोर बक्षीस नसतं, बघायला चिटपाखरू नसतं. थर लावायचे, उतरवायचे, पुन्हा लावायचे. वरचा एक्का सलामी देतो ते क्षण-दोन क्षण. बाकी सगळा वेळ खालच्यांनी खांदे स्थिर ठेवायचे आणि वरच्यांनी न गडबडता खाली यायचं. हे उतरणं अंगात मुरलेलं नसेल तर अष्टमीच्या गोंगाटात ते ऐनवेळी सुचत नाही.

माझा सराव याहून फारच मिळमिळीत. सकाळी चहा टाकण्याआधी मोबाइलवर दहा मिनिटांचा टायमर लावून बाल्कनीत खुर्चीवर बसायचं. खुर्चीवरच, मांडी घालून गुडघ्यांशी वैर कशाला? श्वास आत येतोय, बाहेर जातोय, एवढंच बघायचं. चार श्वास होतात न होतात तोच मन गिझर बंद केला का इथून निघून सासूबाईंच्या मोतीबिंदूपर्यंत पोहोचलेलं असतं. ध्यानात आलं की परत श्वासावर यायचं. घोडबंदर रोडवर हॉर्न सुरू झालेले असतात, तेही ऐकायचे. मन भटकलं म्हणून खट्टू व्हायचं कारण नाही. ते जागेवरच राहिलं असतं तर परत आणायला शिकलो कशावर असतो? शांत वगैरे वाटतंच असं नाही. बहुतेकदा कंटाळा येतो. तो आला तरी बसून राहायचं, यातच निम्मा सराव झाला असं मी धरते.

जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी माइंडफुलनेसचा, म्हणजे आत्ता काय चाललंय ते सजगपणे बघण्याचा, वर्ग काढला. पाळंमुळं बौद्ध ध्यानातली, मुदत आठ आठवड्यांची आणि रोजचा गृहपाठ सक्तीचा. त्यामागे शरीराचीही एक साधी गंमत आहे. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना मंदावतात. म्हणून उच्छ्वास लांबवला की जरा हायसं वाटतं. ही युक्ती गर्दीतही चालते. पण भडकलेल्या माणसाला ती आठवेल तर ना! रोजची दहा मिनिटं त्या आठवण्यासाठी.

सोसायटीच्या ग्रुपवर पार्किंगवरून कुणी टोमणा मारला की पूर्वी माझं उत्तर आधी जायचं, आपण चिडलोय हे मागाहून कळायचं. आता जबडा आवळलाय हे आधी कळतं. उत्तर मी अजूनही पाठवते, पण त्यातली उद्गारचिन्हं बरीच कमी झाली आहेत.

मात्र याचं औषध करून विकणाऱ्यांवर माझा राग आहे. शुक्रवारी दुपारी सगळ्यांना डोळे मिटायला लावायचे आणि सोमवारी तिघांचं काम एकाच्या टेबलावर, हा न्याय अजब आहे. श्वास मोजून लोकलच्या फेऱ्या वाढत नाहीत. शिवाय काहींना डोळे मिटून बसलं की उलट धास्ती वाढते. त्यांनी डोळे उघडे ठेवावेत, तळ्याकाठी चालावं, आणि त्रास फार असेल तर सरळ डॉक्टरांकडे जावं.

सासूबाईंना हे सगळं थोतांड वाटतं. त्या पहाटे माळ घेऊन बसतात. परवा विचारत होत्या, ‘‘तुझं मन भटकलं की काय करतेस?’’

‘‘परत श्वासावर आणते.’’

‘‘मी मण्यावर आणते. मग वेगळं काय गं त्यात?’’

मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात टायमरसकट माझा मोबाइल बंद पडला.

‘‘बघ,’’ त्या म्हणाल्या, ‘‘माळेला चार्जिंग लागत नाही.’’