तीन टर्बोंचा एक टर्बो

28 जुलैला सकाळी शटर अर्धं वर केलं तेव्हा नाखवा आधीच येऊन उभे होते. दारूखान्याच्या गल्लीत घोटाभर पाणी, वर पावसाची धार, आणि त्यांच्या काखेत गोणपाटात गुंडाळलेला टर्बो, बोटीच्या इंजिनात हवा दाबून भरणारा.

“मिस्तरी, 1 तारखेला बोट गेली पाहिजे. कसं ते तू बघ.”

1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत घरात पैसा येत नाही, उलट जाळी, रंग, खलाशांची उचल यात जातो. ससून डॉकवरची प्रत्येक बोट 1 ऑगस्टची वाट बघत असते. त्या दिवशी जी बोट धक्क्यालाच राहते तिचे खलाशी दुसऱ्या बोटीवर चढतात. हे नाखव्यांनी मला सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती.

टर्बो म्हणजे एकाच शाफ्टवरची दोन चाकं: गरम बाजूला इंजिनच्या धुराने फिरणारं टर्बाइन, थंड बाजूला हवा दाबणारा पंखा, म्हणजे कॉम्प्रेसर. तो उघडला. शाफ्ट बोटाने हलवला तर पंखा कव्हरला टेकत होता. शाफ्टला धरणारे बुश झिजलेले, शाफ्ट निळा पडलेला, बेअरिंगचं घर लंबगोल झालेलं. तेलाच्या भोकात टोकदार सळई घातली तेव्हा काळ्या कार्बनबरोबर रबरासारखे तुकडे निघाले. सिलिकॉन. मागच्या वेळी कोणीतरी तेलाच्या जोडाला गास्केटऐवजी सिलिकॉन फासलं होतं. जास्तीचं आत गेलं, सुटलं आणि वाटेत अडकलं. मला या गोष्टीचा मनापासून राग येतो. अशा टर्बोत मिनिटाला लाखभर फेरे घेणारा शाफ्ट बॉल बेअरिंगवर नव्हे, तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. तो थर गेला की काही सेकंदांत खेळ संपतो.

त्या मॉडेलचं नवं कोअर, म्हणजे शाफ्ट-बेअरिंगसकट मधला भाग, यायला बारा दिवस लागणार होते. फळीवर दोन मेलेले टर्बो होते, एक भंगारात गेलेल्या ट्रकचा, एक मोठ्या जनरेटरचा. ट्रकच्या टर्बोचं कव्हर फुटलेलं, पण कोअर ठणठणीत. त्यातला थ्रस्ट बेअरिंग पूर्ण 360 अंशांचा होता. नाखव्यांच्या टर्बोत 270 अंशांचा, म्हणजे एका बाजूने उघडा. दाब वाढला की शाफ्ट पंख्याकडे ओढला जातो आणि ती ओढ सगळी या चकतीवर येते. त्यामुळे कोअर ट्रकचंच घ्यायचं हे लगेच ठरलं. गरम बाजूचं बिडाचं घर नाखव्यांचंच, कारण इंजिनचा धूर गोळा करणाऱ्या मॅनिफोल्डला तेच बसतं. ट्रकचं टर्बाइन चाक व्यासाने अर्धा मिलिमीटर मोठं निघालं, म्हणून ते घर लेथवर बोअर केलं.

प्रश्न उरला थंड बाजूचा, आणि चूक तिथेच झाली. नाखव्यांच्या कव्हरवर पंखा घासल्याचे ओरखडे होते. जनरेटरचं कव्हर मात्र आरशासारखं स्वच्छ, पंखाही मोठा. नाखव्यांचा मुलगा म्हणाला, “काका, मोठा पंखा म्हणजे जास्त हवा, जास्त ताकद ना?” मला ते पटलं. वीस वर्षं हे काम करणाऱ्या माणसाला पटायला नको होतं. जनरेटरच्या पंख्याचं भोक ट्रकच्या शाफ्टला अचूक बसलं, आणि भाग एकमेकांत बसले की जमलं असं मन मानून घेतं.

मागची प्लेट नवी वळवली. कोअर मांडीवर घेऊन रे रोडहून हार्बर लोकलने कुर्ल्याला गेलो, ओळखीच्या वर्कशॉपमध्ये बॅलन्सिंगच्या मशीनवर फिरवून आणलं. तिथे कोमट तेल सोडून हवेच्या झोताने कोअर गरगर फिरवतात आणि नटाचा कण-कण घासून कंपन उतरवतात. 70 मिलिमीटरचा पंखा लाख फेऱ्यांवर असला की त्याच्या पात्याचं टोक सेकंदाला 366 मीटर जातं, आवाजापेक्षा जोरात. तिथे ग्रॅमचा बारीकसा अंशही शाफ्ट मोडायला पुरतो.

30 तारखेला संध्याकाळी डॉकवर टर्बो चढवला. तेलाची ड्रेन पाइप सरळ खाली येईल असं कोअर फिरवून बसवलं, कारण तेल तिथून स्वतःच्या वजनानेच उतरतं. ते तुंबलं तर शाफ्टवरच्या रिंगा त्याला अडवू शकत नाहीत. वरच्या भोकातून आधी हाताने तेल ओतलं. इंजिन सुरू झालं, आवाज गोड. मोकळं इंजिन चढवलं तरी गोड. मुलगा हसायला लागला.

नाखवा हसले नाहीत. म्हणाले, “दोर बांधा. जाळं ओढताना कसा वागतो ते बघू.”

बोट पुढून-मागून दोरखंडाने धक्क्याला आवळली आणि गिअर टाकला. प्रोपेलर पाणी ढकलतोय, बोट जागची हलत नाही, इंजिन बाराशे आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला बाराशे फेऱ्यांवर, कण्हतंय. आणि तेवढ्यात हवेच्या पाइपमधून आवाज सुरू झाला. भस्स, भस्स, भस्स. रबरी होज दर झटक्याला फुगत होता.

“हा धाप टाकतोय रे,” नाखवा म्हणाले.

बरोबर तेच होत होतं. कॉम्प्रेसर हवा दाबतो ती इंजिनने गिळायला हवी. इंजिन किती हवा गिळेल हे मुख्यतः त्याच्या आरपीएमवर ठरतं, आणि दाब किती बनेल हे एक्झॉस्टच्या ताकदीवर, म्हणजे लोडवर. जाळं ओढणाऱ्या बोटीत आरपीएम कमी आणि लोड भरपूर. हवेला पुढे वाट नाही, मागून दाब वाढतोच आहे, मग ती पंख्यावरूनच उलटी फिरते, पुन्हा पुढे येते, पुन्हा उलटते. यालाच सर्ज म्हणतात. प्रत्येक झटका थ्रस्ट बेअरिंगवर हातोड्यासारखा बसतो. तो पंखा होता मोठ्या जनरेटरचा, जो दीडपट मोठ्या इंजिनला 1500 आरपीएमवर एकसारखी हवा पुरवत होता. या बोटीचं काम त्याच्या जन्माचं नव्हतं. मी पूर्ण वेळ इंजिनला काय बसेल हे बघत होतो, समुद्रात ते इंजिन दिवसभर काय ओढतं हे विचारलंच नव्हतं.

मी गिअर काढायला सांगितला. पाच मिनिटं इंजिन हळू चालू ठेवलं, मग बंद केलं. लोडवरून एकदम बंद केलं तर गरम घराची धग आत शिरते आणि थांबलेलं तेल तिथेच जळून कार्बन होतं. टर्बो उतरवेपर्यंत कोणी काही बोललं नाही. शेवटी मीच म्हणालो, “नाखवा, पंखा माझ्या हट्टाने मोठा झाला. रात्रीत बदलतो.”

“जेवून जा,” एवढंच म्हणाले.

रात्री अकराला लेथ सुरू केलं. उपाय पहिल्यापासून फळीवरच पडलेला होता. ट्रकचा स्वतःचा पंखा नाखव्यांच्या पंख्यापेक्षा जेमतेम एक मिलिमीटर मोठा. नाखव्यांचं ओरखडलेलं कव्हर त्याच्या आकाराने कोरलं की ओरखडेही जातात आणि पंखाही बसतो. पात्यांच्या वळणाप्रमाणे हात फिरवत कव्हर कोरलं, पाती आणि कव्हर यांच्यात 0.3 मिलिमीटर सोडून. जास्त सोडलं तर हवा निसटते, कमी सोडलं तर शाफ्ट हलताच घासतं. पहाटे चारला डायल लावली, शाफ्टची पुढे-मागे हालचाल मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आत. पहिल्या लोकलने पुन्हा कुर्ला.

31 तारखेला दुपारी तेच दोरखंड, तोच गिअर. नऊशे, हजार, बाराशे, चौदाशे. प्रत्येक टप्प्यावर वीस मिनिटं थांबलो. होजवर तळहात ठेवून उभा होतो, तो फक्त ताठ होता, धडधडत नव्हता. धूर सुरुवातीला काळसर, मग विरळ. नाखव्यांनी डोळे मिटून दोन मिनिटं ऐकलं आणि दोर सोडायला सांगितले.

1 ऑगस्टला पहाटे बोट गेली. जाताना मी मुलाला सांगितलं होतं, टर्बोखाली कोरडा पुठ्ठा ठेव आणि रोज बघ, तेलाचा एक थेंब पडला तरी मला कळव. नवव्या दिवशी बोट परत लागली तेव्हा त्याचा फोन आला. मासळीचं काहीच बोलला नाही. आधी म्हणाला, “काका, पुठ्ठा कोरडा आहे.”