गाठ घशात, मग तोंड का कोरडं पडतं?

रेडिएशनचं प्लॅनिंग करणं हे माझं काम. घशाच्या कॅन्सरसाठी शेक घ्यायला आलेली माणसं हमखास विचारतात, "गाठ तेवढी जाळा, बाकीच्या घशाला हात लावू नका. जमेल ना?"

त्यांना मी सांगतो, तसं नाही जमत. एक्स-किरण गाठीपर्यंत पोचतात ते धडधाकट पेशींमधून, आणि गाठ ओलांडून पुढेही जातात. आमच्या हातात एवढंच की कुठे किती डोस पडू द्यायचा.

पूर्वी किरण मानेच्या दोन्ही बाजूंनी समोरासमोर सोडत. कानापुढच्या लाळग्रंथी नेमक्या त्या वाटेत; त्यांना डोस बसला की लाळ आटते आणि तोंड कोरडं पडतं. आता आयएमआरटी नावाच्या नव्या पद्धतीत किरण अनेक दिशांनी येतात आणि प्रत्येक दिशेत त्यांचा जोर जागोजागी कमी-जास्त करता येतो. ब्रिटनमधल्या पारस्पोर्ट चाचणीत (निष्कर्ष २०११ चे) वर्षभरानंतर तोंड त्रासदायक कोरडं राहिलेले रुग्ण जुन्या पद्धतीत ७४ टक्के होते, नव्या पद्धतीत ३८. खूप फरक आहे. पण ३८ म्हणजे शून्य नव्हे, हे मी आधीच सांगून टाकतो.

बाकी सगळी घासाघीस. गाठीला साधारण ७० ग्रे (ग्रे म्हणजे डोस मोजायचं माप), ३५ बैठकांत, सात आठवडे. लाळग्रंथीचा सरासरी डोस २६ ग्रेच्या खाली ठेवायची धडपड. मज्जारज्जूला मात्र ४५ च्या आसपास थांबायचं, तिथे फारशी सूट नाही. आणि गाठ ग्रंथीला खेटूनच असेल तर? मग ग्रंथीवर पाणी सोडायचं. ती वाचवण्याच्या नादात गाठीचा एखादा कोपरा उपाशी राहिला, तर सगळी मेहनत वाया.

मास्कबद्दल कुणी फारसं विचारत नाही. जाळीदार प्लॅस्टिक गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर ओढतात, ते घट्ट होतं आणि रोज डोकं त्याच जागी ठेवतं. पण गिळताना दुखतं म्हणून खाणं कमी होतं, वजन उतरतं, गाल बसतात. मास्क सैल पडतो. ग्रंथीही आक्रसून आत, जास्त डोसच्या दिशेने सरकते. पहिल्या दिवशीचा नकाशा मग चौथ्या-पाचव्या आठवड्यात जुना झालेला असतो, आणि कधी कधी नवा स्कॅन काढून प्लॅन पुन्हा करावा लागतो. आहारतज्ज्ञ वजनासाठी मागे लागतात ते उगाच नाही.

तेव्हा मास्क चढवल्यावर तो गालापाशी ढिला वाटला, तर तसंच पडून राहू नका; तिथेच टेक्निशियनला सांगा.