हॉटस्पॉटवरचा अनोळखी पाहुणा: ब्लॉक केला म्हणून गेला असं नाही

फोनच्या हॉटस्पॉटला लॅपटॉप आणि टॅब अशी दोनच उपकरणं जोडलेली असतात आणि नोटिफिकेशनमध्ये आकडा दिसतो ३. तिसरं कोण? बहुतेक वेळा कुणी हॅकर वगैरे नसतो. मागे कधीतरी पासवर्ड घेतलेला एखादा फोन असतो. त्याने तो जपून ठेवलेला असतो आणि रेंजमध्ये आल्याबरोबर तो मुकाट्याने जोडला जातो. फोनच्या मालकालाही त्याचा पत्ता नसतो.

आधी यादी बघू. अँड्रॉइडवर सेटिंग्ज, मग नेटवर्क आणि इंटरनेट, मग हॉटस्पॉट आणि टेदरिंग. कंपनीगणिक शब्द बदलतात, पण 'जोडलेली उपकरणे' किंवा 'कनेक्टेड डिव्हाइसेस' अशी यादी बऱ्याच फोनवर असते. आयफोनवर मात्र नावांची यादीच मिळत नाही, किती उपकरणं जोडली आहेत एवढंच कळतं. त्यामुळे तिथे ओळख पटवायची तर आपली उपकरणं एकेक करून तोडायची आणि आकडा कुठे अडतो ते पाहायचं.

अँड्रॉइडच्या यादीत नावाखाली बऱ्याचदा मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्कवर उपकरण ओळखण्याचा क्रमांक असतो, दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्यांचा. त्यातल्या पहिल्या जोडीचं दुसरं अक्षर बघा. ते २, ६, ए किंवा ई असेल तर तो पत्ता जवळजवळ नक्कीच कारखान्यातून आलेला नाही, उपकरणाने स्वतःच बनवलेला आहे. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वाय-फायसाठी असा वेगळा पत्ता वापरतात. वापरणाऱ्याच्या दृष्टीने हे उत्तमच आहे, पण यादीवरून कोण आलंय हे ओळखू पाहणाऱ्याची त्यात पंचाईत होते.

यादीतल्या 'ब्लॉक' बटणाचा कच्चा दुवाही हाच. ब्लॉक होतो तो पत्ता, माणूस नव्हे. समोरच्याने आपल्या फोनच्या वाय-फाय सेटिंगमध्ये खासगी पत्त्याचा पर्याय बदलला की त्याचा पत्ता बदलतो, आणि तुमच्या फोनसाठी तो नवा पाहुणा ठरतो. काही फोनवर 'फक्त परवानगी असलेली उपकरणे' असा उलटा पर्याय असतो. तो बरा, पण ठिसूळ. आपल्याच लॅपटॉपवर पत्ता बदलत राहण्याची सोय चालू असेल तर एखाद्या दिवशी घरच्यालाच दारात उभं राहावं लागतं. आयओएस १८ मध्ये या पत्त्यासाठी बंद, स्थिर आणि फिरता असे तीन पर्याय आहेत. स्वतःच्या हॉटस्पॉटपुरता 'स्थिर' ठेवा.

थोडक्यात, किल्ली एकच, ती म्हणजे पासवर्ड. एकदा दिलेला पासवर्ड परत घेता येत नाही, फक्त बदलता येतो. आयफोनवर पासवर्ड बदलताच जोडलेली सगळी उपकरणं तुटतात. अँड्रॉइडवर बदलून झाल्यावर हॉटस्पॉट एकदा बंद-चालू करा म्हणजे शंका नको. क्यूआर कोडने दिला म्हणजे गुप्त राहिला, हाही गैरसमज आहे. त्या कोडमध्ये नाव आणि पासवर्ड उघड मजकुरात असतात. त्याचा स्क्रीनशॉट पुढे गेला की पासवर्ड गेला.

पासवर्ड कसा असावा हेही महत्त्वाचं, कारण डब्ल्यूपीए२ या वाय-फायच्या सुरक्षापद्धतीत चोराला तुमच्या फोनशी वारंवार झटापट करावी लागत नाही. कुणी जोडलं जात असताना होणारी देवाणघेवाण एकदा टिपून घेतली की पुढचे अंदाज तो स्वतःच्या यंत्रावर, निवांत, करून बघतो. चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला लाखो अंदाज तपासतं. आठ आकड्यांच्या पासवर्डच्या शक्यता फक्त १० कोटी, म्हणजे काही मिनिटांचं काम. मोबाइल नंबर किंवा जन्मतारीख ठेवणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावं. फोनने आपोआप सुचवलेल्या पासवर्डवरही आंधळा विश्वास नको. २०१३ मध्ये जर्मनीतल्या एर्लांगन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की तेव्हाचे आयफोन जो पासवर्ड सुचवत, तो १,८४२ शब्दांच्या यादीतला एक शब्द आणि पुढे चार आकडे असा असे, आणि तो मिनिटाच्या आत फुटत होता. ही पद्धत नंतर बदलली, पण धडा लागू आहे. मर्यादा ८ ते ६३ अक्षरांची आहे. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडून २० अक्षरांच्या पुढे गेलात की पुरे.

सुरक्षेच्या पर्यायात डब्ल्यूपीए३ असेल तर तोच निवडा. त्यात हा टिपून घेऊन फोडायचा मार्गच बंद होतो. जुना प्रिंटर किंवा टीव्ही जोडला जात नसेल तर डब्ल्यूपीए२ आणि ३ चा मिश्र पर्याय घ्या. 'काहीही नाही' हा पर्याय पाच मिनिटांसाठीसुद्धा नको.

हॉटस्पॉटच्या नावाकडे सहसा कुणी बघत नाही. 'अमक्याचा आयफोन' असं नाव आसपासच्या प्रत्येकाला मालक कोण ते सांगत असतं. आयफोनवर हे नाव फोनच्या नावावरूनच येतं, म्हणून ते जनरलमधल्या 'अबाउट'मध्ये जाऊन बदलावं लागतं. नाव देवनागरीत ठेवता येतं, पण मर्यादा ३२ बाइटची आहे आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासकट, ३ बाइट खातं. म्हणजे जेमतेम १० चिन्हं. आणि नाव लपवण्याच्या भानगडीत पडू नका. लपवलेलं नेटवर्क शोधण्यासाठी तुमचाच लॅपटॉप जाईल तिथे त्या नावाने हाका मारत फिरतो.

आता कोणाला काय दिसतं ते. हॉटस्पॉट देणाऱ्याला फोनच्या नेहमीच्या सेटिंग्जमध्ये पाहुण्याच्या साइट दिसत नाहीत. मोबाइल कंपनीला एन्क्रिप्टेड साइटचा मजकूर दिसत नाही, पण साइटचं नाव बहुतेक वेळा कळतं. आणि बाहेरच्या जगाला पाहुण्याने जे केलं ते तुमच्याच कनेक्शनवरून झालेलं दिसतं. पासवर्ड देताना विचार करायचा तो मुख्यतः याचा.

इथे हमखास फसवणारी गोष्ट व्हीपीएनची, म्हणजे इंटरनेटची ये-जा दुसऱ्या सर्व्हरमधून नेणाऱ्या सोयीची. फोनवर व्हीपीएन चालू आहे म्हणजे हॉटस्पॉटवरचा लॅपटॉपही त्यातूनच जातो, असं अनेकांना वाटतं. सर्वसाधारणपणे तसं होत नाही. फोनचा स्वतःचा ट्रॅफिक व्हीपीएनमधून जातो आणि लॅपटॉपचा थेट मोबाइल नेटवर्कवर. तपासायला सोपं आहे: दोन्हीकडे आयपी पत्ता दाखवणारी तीच साइट उघडा. पत्ते वेगळे आले तर लॅपटॉपवर वेगळं व्हीपीएन टाकावं लागेल.

एकाच हॉटस्पॉटवरची उपकरणं एकमेकांना दिसू शकतात, हेही विसरायला नको. विंडोजवर हे नेटवर्क 'पब्लिक' ठेवा, म्हणजे शेअर केलेले फोल्डर उघडे पडत नाहीत. त्याच पानावर 'मीटर्ड कनेक्शन', म्हणजे डेटा जपून वापरायची खूण, हेही चालू करा. नाहीतर लॅपटॉपला हे घरचं वाय-फायच वाटतं आणि अपडेट उतरवत तो दिवसाचा डेटा तासाभरात संपवतो. मॅकवर हेच काम 'लो डेटा मोड' करतो.

आयफोनवाल्यांसाठी एक बारकावा. 'अलाउ अदर्स टू जॉइन' बंद केलं तरी तुमच्याच ॲपल खात्यावरची उपकरणं जोडली जाऊ शकतात. जुना आयपॅड कुणाला दिला असेल तर त्यावरून खातं काढलंय ना, ते बघा.

पासवर्ड वारंवार बदलायचा कंटाळा येतो तो आपल्याच लॅपटॉपमुळे, कारण दरवेळी त्यावर तो पुन्हा टाकावा लागतो. त्यावर उपाय केबलचा. यूएसबी टेदरिंगला, म्हणजे केबलमधून इंटरनेट द्यायला, पासवर्ड लागतच नाही. केबल मात्र डेटा नेणारी हवी, नुसती चार्जिंगची चालत नाही, आणि विंडोजवर आयफोन जोडायचा तर ॲपलचं सॉफ्टवेअर आधी टाकावं लागतं. अँड्रॉइडवर केबल लावल्यानंतरच यूएसबी टेदरिंगचं बटण दाबता येतं, तोवर ते फिकं दिसतं. लॅपटॉप असा केबलवर गेला की वाय-फायचा पासवर्ड फक्त पाहुण्यांपुरता उरतो, आणि पाहुणा गेल्यावर तो बदलायला अर्धा मिनिटही लागत नाही.