हाताला न लागणारे शब्द, अंधेरी ते जकार्ता

मनाने खचलेल्यांना मदत करणाऱ्या ॲपचं भाषांतर करताना 'सेव्ह करा', 'पुढे जा', 'पासवर्ड विसरलात?' हे सगळं भराभर उरकतं, गाडी अडते ती लोनलीनेस, फ्रीडम, रेझिलियन्स असल्या शब्दांपाशी, ज्यांना हात लावता येत नाही, बोट दाखवता येत नाही. मी अंधेरीत लोकलायझेशनच्या कामात आहे, माझी भाषा मराठी, पण त्याच इंग्रजी फाइलची इंडोनेशियन आवृत्तीसुद्धा माझ्या हाताखालून जाते, आणि ती जकार्ताहून जी करते तिला मी म्बाक म्हणते, म्हणजे त्यांच्याकडची ताई. तिच्याशी कॉलवर बोलून बोलून मला त्या भाषेचं जे वेड लागलंय त्याबद्दल आज लिहायचंच आहे.

इंडोनेशियनमध्ये अमूर्त नाम बनवायची एक भन्नाट सोय आहे. साधा शब्द घ्यायचा, सुरुवातीला 'क' जोडायचा, शेवटी 'आन', झालं. आदिल म्हणजे न्यायी, अरबीतून आलेला शब्द, आपल्या आदिलशाहीतला तोच आदिल, त्याचं होतं कआदिलान, म्हणजे न्याय. मानुसिया म्हणजे माणूस, हा संस्कृतातून गेलेला, त्याचं कमानुसियाआन. आणि राक्यात म्हणजे जनता, आपली रयत ती हीच, त्यावरून कराक्यातान. त्यांच्या 1945 च्या राज्यघटनेच्या प्रस्तावनेत पान्चासिलाची म्हणजे पंचशीलाची पाच तत्त्वं आहेत, त्यातल्या चारांची सुरुवात अशाच 'क-आन' शब्दाने होते आणि उरलेलं एक, तिसरं, आहे पर्सातुआन, सातु म्हणजे एक, म्हणून एकी. मला यातली खरी भारी गोष्ट ही वाटते की शब्द अरबी आहे का संस्कृत का घरचा, याची तो प्रत्यय चौकशीच करत नाही, आणि अख्ख्या देशाची सगळ्यात मोठी तत्त्वं अशा शब्दांत आहेत ज्यांच्या आत रोजचा शब्द लख्ख दिसतो, शाळेत न गेलेल्या माणसालाही.

पण हाच 'क-आन' अजून एक काम करतो आणि ते कळलं तेव्हा मी खुर्चीतून उठलेच. हुजान म्हणजे पाऊस, आणि कहुजानान म्हणजे पावसात सापडणं, छत्री नाही, दादरच्या पुलावरून उतरतोय आणि वरून धो धो, ते. दिङिन म्हणजे थंड, कदिङिनान म्हणजे थंडीने गारठलेला. म्हणजे जे आपण केलेलं नाही, आपल्यावर येऊन पडलंय, त्यालाही तेच रूप. आता लोनलीनेस घ्या. त्याला कसपिआन म्हणतात, सपि म्हणजे शांत, सुनसान, गिऱ्हाईक नसलेल्या बाजारालासुद्धा सपि म्हणतात, आपल्या शुकशुकाटासारखं. तर कसपिआन म्हणजे आतला शुकशुकाट, आणि तो शब्द नाम म्हणूनही चालतो आणि 'मी कसपिआन' असं सरळ वाक्यातही चालतो, पाऊस अंगावर यावा तसा एकटेपणा अंगावर आलाय. इंग्रजीत तो शब्द एक वस्तू असल्यासारखा टेबलावर बसून राहतो, यांच्याकडे तो माणसाला घडतो. आपल्याकडेही राग येतो, कंटाळा येतो, एकटं वाटतं, म्हणून मला हे इतकं जवळचं वाटलं असावं. आणि स्वतःहून एकटं असणं, त्याला वेगळा शब्द, कसन्दिरिआन, त्यात सपि नाहीच, सन्दिरि आहे, म्हणजे स्वतः. आमच्या फाइलमध्ये लोनलीनेस आणि सॉलिट्यूड दोन्ही होते, म्बाकला एक मिनिट लागलं नाही.

संस्कृतातून गेलेल्या शब्दांवर मात्र मराठी माणसाने अजिबात विसंबू नये. चिन्ता म्हणजे तिकडे प्रेम. संग्सारा म्हणजे हालअपेष्टा, आपण ज्याला संसार म्हणतो तो नव्हे. सगळ्यात सुंदर प्रवास मर्देकाचा, मूळ महर्द्धिक, म्हणजे मोठ्या समृद्धीचा, आणि तिथे जाऊन तो झाला स्वतंत्र, 1945 च्या लढ्यातली घोषणाच 'मर्देका' होती. फ्रीडम म्हटलं की म्हणून विचारावं लागतं, देशाचं स्वातंत्र्य असेल तर कमर्देकाआन, आणि हवं ते बोलायची मोकळीक असेल तर बहुतेक कबेबासान.

सगळं गोड आहे असंही नाही. इफेक्टिव्ह आणि एफिशियंटसाठी त्यांनी मांगकुस आणि सांगकिल असे शब्द काढले, लोक मात्र एफेक्तिफ आणि एफिसियेनच म्हणतात. प्रायव्हसीला प्रिवासी, क्वालिटीला डचांकडून घेतलेलं क्वालितास. त्याचं मला काही वाईट वाटत नाही, शब्द वापरात असला की झालं.

मला वाईट वाटतं ते आपल्याकडे बघून. आपल्याकडेही असाच कुणालाही चिकटणारा प्रत्यय आहे, 'पणा'. मोकळेपणा, आपलेपणा, साधेपणा, फारसीतून आलेल्या शब्दाला लावून बेफिकीरपणा, सगळं चालतं. 'ता' तसा नाही, तो बहुतेक संस्कृत शब्दांनाच लागतो, मानव असेल तर मानवता, माणूस असेल तर ते जमत नाही, तिथे भाषेने आपणहून माणुसकी केलं आणि काय सुरेख केलं. तरी ऑफिसात, सरकारी कागदात, ॲपमध्ये 'पणा' दिसला की कुणीतरी तो खोडतंच, घरगुती वाटतो म्हणे. मग येतात सजगता, गोपनीयता, संवेदनशीलता, एकाखाली एक, आणि मनाने खचलेला माणूस मदतीसाठी ते ॲप उघडतो तेव्हा त्याच्या समोर नोटीस बोर्ड उभा राहतो. त्या माणसासाठी लिहितोय ना आपण?

रेझिलियन्ससाठी, म्हणजे तडाखे खाऊनही टिकून राहण्यासाठी, म्बाकने कतांग्गुहान घेतलं, तांग्गुह म्हणजे चिवट, दणकट. मी मराठीत चिवटपणा लिहिलं. रिव्ह्यूमधून 'लवचिकता' होऊन परत आलं. मी पुन्हा चिवटपणा करून पाठवलंय, कमेंटमध्ये कारण लिहून, की लवचिक म्हणजे वाकणारा, आणि या स्क्रीनवरचा माणूस वाकायला नाही, टिकून राहायला आलाय.