दुखायचे थांबलेली दाढ

दापोलीतल्या माझ्या दातांच्या दवाखान्यात ऑगस्टचा पहिला पंधरवडा बहुधा शांत जातो. १ जून ते ३१ जुलै अशी असलेली मासेमारीबंदी नुकतीच उठलेली असते, हर्णै बंदरातल्या बोटी समुद्रात गेलेल्या असतात आणि गणपतीसाठी येणारे चाकरमानी अजून मुंबईतच असतात. अशाच एका दुपारी चाळिशीचे एक तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचे प्रमुख, बायकोच्या आधाराने आत आले. खुर्चीवर मागे रेला म्हटल्यावर त्यांनी हातानेच नको म्हटले आणि पुढे वाकून, हनुवटी वर धरून ते तसेच बसून राहिले. लाळ गिळता येत नसल्याने ती ओठांच्या कडेने गळत होती.

जबड्याखालची सूज दोन्ही बाजूंना पसरली होती आणि बोटाने दाबल्यावर फळीसारखी टणक लागत होती. एरवी तोंडात उभी तीन बोटे सहज मावतात. इथे एकही जाईना. टॉर्चच्या उजेडात जेवढे दिसले तेवढ्यात जीभ वर, टाळ्याकडे ढकललेली दिसली. तोंडात कढत घास धरून बोलावे तसा त्यांचा आवाज येत होता. "तेवढी दाढ काढून टाका, डॉक्टर, बोट उद्या परत जायची आहे," असे वहिनी पुन्हा पुन्हा सांगत होत्या. मी दाढेला हातही लावला नाही. प्रश्न आता दाढेचा राहिला नव्हता, श्वासाचा होता. १०८ ची रुग्णवाहिका बोलावली, रुग्णालयाला फोन करून कल्पना दिली आणि वाटेत त्यांना आडवे करू नका, एवढे बजावून खेडमार्गे चिपळूणला रवाना केले.

जबड्याखाली दोन्ही बाजूंना पसरणाऱ्या या संसर्गाचे वर्णन लुडविग नावाच्या जर्मन वैद्याने १८३६ साली केले आणि त्याच्याच नावाने तो आजही ओळखला जातो. प्रतिजैविके नव्हती तेव्हा यातले निम्म्याहून अधिक रुग्ण दगावत. त्याचे मूळ बहुतेक वेळा खालच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दाढेत सापडते, कारण या दाढांच्या मुळांची टोके जिभेखालच्या स्नायूच्याही खाली पोचलेली असतात आणि तिथला पू हिरडीवर फोड होऊन फुटण्याऐवजी थेट गळ्याच्या बाजूला उतरतो.

ते गेल्यावर मी कपाटातून त्यांचे जुने कार्ड काढले. दोन वर्षांपूर्वी ते मुलीला घेऊन आले असताना मी सहज त्यांचेही दात पाहिले होते. उजवीकडच्या खालच्या दुसऱ्या दाढेवर काळी रेघ, दुखणे नाही, भरून घ्यावी, आणि शेवटी माझ्याच अक्षरात लिहिलेले: 'सीझन संपल्यावर येतो म्हणाले'. अर्ध्या तासाचे काम होते. त्यानंतर दोन सीझन संपले, ते आले नाहीत आणि मीही कधी फोन केला नाही, हे कबूल करायला हवे.

मधल्या काळात काय झाले, ते वहिनींकडून कळले. जूनमध्ये दाढ ठणकू लागली. लवंगेचे तेल झाले, तंबाखूची चिमूट धरून झाली, मेडिकलमधल्या गोळ्या झाल्या आणि आठवडाभराने दुखणे आपोआप थांबले. घरात सगळ्यांना हायसे वाटले. दाढेतली नस मेली की ठणका थांबतो. कीड मात्र थांबत नाही, ती मुळाच्या टोकापर्यंत उतरते. त्याच दोन महिन्यांत या गृहस्थांनी बोट किनाऱ्यावर ओढून तिचे बूड खरवडले होते, भेगा बुजवल्या होत्या, रंग दिला होता, आणि यातले एकही काम बोटीत पाणी शिरेपर्यंत ठेवले नव्हते.

मी हेच दात साफ करून घेण्याविषयी बोलते, तेव्हा ऐकणाऱ्याचा चेहरा साशंक होतो. साफ केल्यावर दात हलतात, अशी इकडे पक्की समजूत आहे. वास्तविक वर्षानुवर्षे साचलेल्या कीटणाखाली हिरडी आणि हाड आधीच झिजलेले असते. कीटण निघाल्यावर ते उघडे पडते आणि दोष साफ करणाऱ्याच्या माथी येतो. दर सहा महिन्यांनी दाखवणाऱ्याच्या दातांवर एवढा थर मुळी साचतच नाही.

तीन आठवड्यांनी तांडेल परत आले, हनुवटीखाली पू काढल्याचा व्रण घेऊन. दाढ तिकडेच काढली होती. सोबत मुलगी होती. आता तिला आठवे लागले होते. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांमागे येणाऱ्या दाढा कायमच्या असतात, त्या पडून पुन्हा येत नाहीत, हे ऐकून दोघेही चकित झाले. मुलीच्या दाढांवर खोल खाचा होत्या. कीड शिरण्याआधीच त्या बुजवून टाकल्या. तिने सगळा वेळ बापाचा अंगठा धरून ठेवला होता.

वहिनी पदर तोंडाला लावून दाराशी उभ्या होत्या. त्या बोलताना पदर सरकला, तेव्हा पुढच्या दातांच्या कडा मिश्रीने काळ्या पडलेल्या दिसल्या, आणि जिथे ती रोज चोळली जात असणार, तिथली हिरडी खाली सरकलेली होती.

"आता तुम्ही बसा," मी म्हटले.

"मला कशाला? माझं काही दुखत नाही," त्या हसून म्हणाल्या.

मी दिवा खुर्चीकडे वळवला.