हात सोडा म्हटलं की सोडायचा

‘मसाजचा पुरेपूर फायदा व्हावा म्हणून आम्ही काय करायचं?’ आठवड्यातून दोनदा तरी हे कुणीतरी विचारतं. बहुतेकांना वाटतं मी एखादं तेल सांगेन, नाहीतर सकाळी कोमट पाणी प्यायला लावीन. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, तेलाचा नंबर फार खाली लागतो.

मी मूळचा कोल्हापूरचा, मालीश शिकलो ती तालमीत. तेल, ताक, हळद, लिंबू घालून मळलेल्या लाल मातीत लढत झाली की पोरंच एकमेकांचं अंग रगडायची. पुढे पुण्यात आलो, एका आयुर्वेदिक रुग्णालयात पंचकर्माच्या खोलीत बरीच वर्षं काढली आणि आता स्वतःची छोटी खोली आहे. एक टेबल, एक पंखा, तेल गरम करायची शेगडी. पैलवानाच्या पाठीवर जो जोर चालतो तो दिवसभर संगणकापुढे बसणाऱ्याच्या पाठीवर चालत नाही, हे कळायला मला वेळ लागला. सुरुवातीच्या काही पाठींची मनातल्या मनात माफी मागून झाली आहे.

आता मुद्द्याचं. माणूस टेबलावर उताणा झोपलेला असतो. मी त्याचा हात मनगटाशी धरून उचलतो आणि म्हणतो, ‘हात सोडा.’ तो म्हणतो, ‘सोडलाय.’ मी माझा हात काढून घेतो. त्याचा हात तिथेच, हवेत. डोळे मिटलेले, चेहरा शांत आणि हात मात्र बसचा दांडा धरल्यासारखा वर. दहापैकी सात जणांचं असंच होतं. त्यांना स्वतःला पत्ता नसतो. काही जण तर मी उचलायच्या आधीच पाय उचलून देतात, मला मदत म्हणून. चांगल्या घरचे लोक, दुसऱ्याला त्रास द्यायचा नाही ही शिकवण. पण स्नायू काम करत असताना तो सैल कसा होणार? अशा वेळी मी हात खाली ठेवून देतो आणि सांगतो, ओल्या टॉवेलसारखा जड होऊ द्या, वजन मला द्या. तुम्ही पैसे मोजलेत ते हमाली मी करावी म्हणूनच.

दुसरी अडचण याच्या बरोबर उलटी आहे: गप्प राहून सोसणं. ‘दुखलं म्हणजे लागू पडलं’ हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं आहे की माणूस दात आवळून पडून राहतो. तोंडाने ‘ठीक आहे’ म्हणतो, पण पायाची बोटं वळलेली असतात आणि श्वास अडकलेला असतो. मला बोटं दिसतात. दाब सोसवत नाही तेव्हा स्नायू आखडून स्वतःला वाचवायला बघतो, मग मी आणखी जोर लावतो आणि आमची कुस्ती सुरू होते. दुसऱ्या दिवशी अंग ठणकतं आणि माणूस मित्राला सांगतो, काय जबरदस्त मालीश केली! खरं तर नुसतंच दुखवलेलं असतं.

एक दुखणं असतं ज्यात माणूस ‘आं, तिथंच’ म्हणतो आणि श्वास लांब सोडतो. तेवढंच हवं. त्याच्या पलीकडे गेलं की लगेच सांगायचं, ‘जरा हलकं.’ मला राग येत नाही. उलट न बोलणाऱ्याची भीती वाटते. दाब पडेल तेव्हा श्वास बाहेर सोडा, ही एवढी एक युक्ती कुठल्याही तेलापेक्षा जास्त कामाची.

‘गाठी फोडून द्या’ म्हणतात. खांद्यात बोटाला कडक लागतं ती गुळाची ढेप नसते फुटायला. तो ताणून बसलेला स्नायू असतो. शरीराला सुरक्षित वाटलं, मज्जातंतूंनी परवानगी दिली, की तो आपण होऊन ढिला पडतो. मालिशीने शरीरातली विषं बाहेर पडतात, हेही माझ्याच धंद्यातले लोक बिनधास्त सांगतात. ते काम मूत्रपिंडं आणि यकृत करतात. नंतर तहान लागली तर पाणी प्या, एवढंच.

येण्याआधीचं थोडक्यात. भरल्या पोटी येऊ नका, पालथं झोपल्यावर मिसळ वर येते. अजीर्ण झालेल्याने अभ्यंग, म्हणजे अंगाला तेलाची मालीश, करू नये, हे आयुर्वेदाच्या जुन्या आचार्याने, वाग्भटाने, आपल्या ‘अष्टांगहृदय’ ग्रंथात लिहून ठेवलंय. पण उपाशीही नको, चक्कर येते. दीड-दोन तास आधी हलकं खाल्लेलं बरं. धापा टाकत आलात तर पहिली दहा मिनिटं अंगातली रिक्षा थांबण्यातच जातात. फोन बंद करा. नुसता थरथरता ठेवलेला फोनही खांद्यांना ऐकू येतो.

वाग्भटाने तिथेच आणखी एक सांगितलंय: डोकं, कान आणि तळपाय यांना तेल विशेष करून लावावं. आणि नेमके तळपायच आपले लोक देत नाहीत. ‘काका, तुम्ही पायाला हात नका लावू,’ म्हणत तरुण पोरं पाय आखडून घेतात. अरे बाबा, मी नमस्कार करत नाहीये. दिवसभर बुटात कोंडलेल्या पायांवर पाच मिनिटं हात फिरला की मान ढिली पडते, हे मी रोज बघतो.

उठताना मात्र घाई नको. कुशीवर वळा, बसा, मग पाय खाली सोडा. एकदम उठलं तर डोळ्यांपुढे अंधारी येते. आणि तेलकट तळव्यांनी फरशीवर चालू नका. कंबर धरली म्हणून आलेला माणूस दारातच घसरला तर मी काय तोंड दाखवू? म्हणून टेबलाखाली जुना पंचा ठेवलेला असतो. एखाद-दोन दिवस अंग हलकं दुखलं तर चालतं. मुंग्या किंवा बधिरपणा आला तर डॉक्टर.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे टेबलावर चढायच्या आधी सांगायचं. ऑपरेशन, ताप, हाडं ठिसूळ झालीत, पोटात बाळ आहे, रक्त पातळ करायच्या गोळ्या. मधुमेहाने तळवे बधिर झालेत, हे तर आवर्जून. मी तेल मनगटावर टाकून बघतो, पण तुम्हाला चटका जाणवतच नसेल तर माझं मनगट काय करणार?

हे मी का बजावतो ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी एक गृहस्थ आले, अमेरिकेत मुलाकडून परतून तीनच दिवस झाले होते. ‘विमानात बसून पोटरीत गोळा आलाय, चांगली रगडून द्या.’ पँट वर केली तर एक पोटरी दुसरीपेक्षा सरळ सरळ जाड, ताणलेली कातडी चकाकत होती, हात जवळ नेला तर गरम. मी हात मागे घेतला. म्हटलं, आज नाही, आधी डॉक्टर. ते चिडले, रिक्षाचे पैसे वाया गेले म्हणाले. संध्याकाळी त्यांच्या बायकोचा फोन आला: शिरेत रक्ताची गुठळी निघाली, दवाखान्यात ठेवलंय. तशी पोटरी रगडली तर गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते.

काही महिन्यांनी ते पुन्हा आले, डॉक्टरांना विचारून. गोळ्या चालू होत्या, म्हणून मी हात अगदी हलका ठेवायचो आणि त्या पायाला लावायचोच नाही. दर वेळी कुरकुर, ‘हे काय, लोणी लावताय का?’ मागच्या आठवड्यात मात्र चप्पल काढता काढताच म्हणाले, ‘गोळ्या बंद झाल्या. चिठ्ठी आणलीय डॉक्टरांची. आता तरी जरा जोरात?’

मी चिठ्ठी दोनदा वाचली. मग शेगडी लावली.