पांझरेच्या पाटाकाठी

झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारच्या, आदल्या दोन दिवसांत आम्ही चर्चच्या मंडळीतले सव्वीस जण धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरहून साक्रीकडे पायी निघालो. आमची वारी म्हणायची ती एवढीच. पंढरीच्या वारीचा थाट तिला नाही, पण टाळ होते, मृदंग होता, भजनं आपल्याच चालीतली. पांझरेच्या काठाकाठाने जायचं आणि थांबत थांबत नदीसाठी प्रार्थना करायची, असं पाळकसाहेबांनी ठरवलं होतं.

आजोळ सामोड्याचं, त्यामुळे हा काठ माझ्या पायाखालचा. लहानपणी पाटात पाय सोडून बसायचो तिथे या वेळी गाळ भेगाळला होता आणि बाभळीच्या काट्यांना प्लॅस्टिकच्या पिशव्या लटकत होत्या. बघून घसा दाटून आला.

निंबाखाली एक बाबा काठी आडवी टाकून बसले होते. "कथा चालनात, ताई?" कुठे चाललात, असं त्यांनी अहिराणीत विचारलं. मी सांगितलं, नदीसाठी प्रार्थना करायला. ते हसले नाहीत. त्यांचे वडील फडाचे जागल्या होते. पाटकरी पाणी सोडायचा, जागल्या पीक राखायचा. बंधाऱ्याखालची जमीन फडांत, म्हणजे मोठमोठ्या पट्ट्यांत, वाटलेली आणि बहुतेकांचा तुकडा प्रत्येक फडात. पाणी कमी पडलं की एखादा फड पडीक ठेवायचा. टंचाई सगळ्यांनी वाटून घ्यायची, एकट्याने सोसायची नाही. पुढे वर धरणं झाली, घरोघरी विहिरी झाल्या, आणि ती शिस्त हळूहळू मोडत गेली.

दुपारी त्याच सावलीत बायबलमधल्या उत्पत्तीचा दुसरा अध्याय वाचला. देवाने माणसाला एदेन बागेत ठेवलं ते मशागत आणि राखण करायला. हे वचन मी शेकडो वेळा ऐकलंय, पण राखण म्हणजे काय ते त्या दिवशी उमगलं. आमच्या उपदेशांत पहिल्या अध्यायातली माणसाची सृष्टीवरची ‘सत्ता’ फार गाजते आणि राखण मागे राहते. याचं मला खरंच वाईट वाटतं. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात याच राखणीच्या वचनावर बोट ठेवलंय. आम्ही कॅथलिक नाही, तरी हे आमचंही आहे.

मग पौलाच्या रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय. सृष्टी कण्हतेय, पण प्रसूतीच्या वेणांनी. म्हणजे त्या कण्हण्याच्या पलीकडे जन्म आहे. जे डोळ्यांना दिसतं त्याची आशा कोण धरील, असं पौल पुढे विचारतो. कोरड्या पाटाकडे बघत हे वाचताना माझा आवाज कापत होता.

"आमीन" म्हणून उठलो, तर बाबांनी काठीने पाट दाखवला. "मंग हाऊ बी साफ करा ना."

तासभर आम्ही हातांनीच गाळ उपसला. गुटख्याच्या पुड्या, एक फाटकी चप्पल, तुटलेला ठिबकचा पाइप. वीतभर खाली जुना दगडी काठ लागला, तासलेला, हाताला गार. बाबांनी वाकून त्यावर तळवा ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला.

पाऊस लागायच्या आत उरलेला पाट उपसायला यायचं, म्हणून साक्रीला पोहोचल्यावर वहीत नावं लिहिली. बावीस जणांनी दिली.